स्वतंत्र बँड, डोणगाव

आमच्या बँडची कारकीर्द तीन वर्षांची, आणि चाल एकच.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नवीन राज्य आलं, तर नवीन संगीतही यायला हवं, असं आम्हा चौघांना वाटलं. (राज्याला तसं वाटत होतं की नाही, हे आम्ही विचारलं नाही.) मी क्लॅरिनेट, गजानन ढोल, रामकृष्ण बुलबुलतरंग आणि भीमराव झांजा. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, दुसऱ्याची उसनी चाल घ्यायची नाही, वाजवायचं ते फक्त आपलं! म्हणून नाव ठेवलं 'स्वतंत्र बँड'. आपलं असं आमच्याकडे एवढंच होतं: ढोलाचे तीन ठोके, मग एक थांबा, मग दोन ठोके आणि त्यावर माझं क्लॅरिनेट. हा थांबा म्हणजे आमच्या कलेचा प्राण होता.

वडिलांना नेमका तोच थांबा सहन होत नसे.

"काऊन बे, मधीच थांबता काऊन?" ते ओसरीवरून ओरडत. "इसरता काय पुढचं?"

"बाबा, ती रचना आहे."

"रचना! बैल नांगर ओढता ओढता असा थांबला तर मी त्याले रचना म्हनू काय?"

पहिल्या वर्षी गणपतीत वाजवलं, तेव्हा लोक थांब्याला उठून गेले. संपलं असं त्यांना वाटलं. दुसऱ्या वर्षी पोळ्याला वाजवलं, तेव्हा बैल गेले. तरीही आम्ही खचलो नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न ठरलं. मुलगा अमडापूरचा होता. मेहकरहून बँड आणायचं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

"दादाचाच बँड पाहिजे," कुसुम म्हणाली. का म्हणाली, कोण जाणे. प्रेमच असणार, कारण कान तिचे चांगले होते.

बाबांनी मला समोर बसवलं. त्यांच्या हातात पंचायत समितीच्या कारकुनाच्या जागेचा अर्ज होता. "हे पाय वसंता," ते म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात नीट वाजवलं, तर म्या तुह्या बँडचं नाव काढणार नाही. काही गडबड झाली, तर या कागदावर सही करायची आन् पिपाणी माळ्यावर टाकायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. एवढा आत्मविश्वास मला नंतर कधीच आला नाही.

लग्न वैशाखातलं, भर दुपारचं. मांडवात जागा नव्हती, म्हणून आम्हाला बाहेर लिंबाखाली उभं केलं. तिथून मंगलाष्टकं ऐकू येईनात. शेवटचं 'सावधान' झालं की बँड वाजला पाहिजे, कारण बँड वाजला की लग्न लागलं, हे पाहुण्यांना लग्नपत्रिकेपेक्षा पक्कं ठाऊक असतं. त्यावर मी तोड काढली. आमचे मामा मांडवाच्या तोंडाशी स्टुलावर उभे राहतील आणि शेवटच्या 'सावधान'ला आपला लाल शेला हलवतील.

"मामा, शेवटचं हं!"

"हाव रे बाबा! मले काय लगन मालूम नाही?"

पाच मंगलाष्टकं म्हणायची होती. तिसरं चालू असताना मामांच्या टकलावरून घामाची धार डोळ्यात गेली, आणि मामांनी शेल्यानं टक्कल पुसलं.

आम्ही वाजवलं! तीन वर्षांच्या कारकिर्दीत आम्ही चौघं एकाच क्षणी सुरू झालो ते त्या एकदाच.

मामा दचकले. आपलंच इशारा करायचं राहून गेलं असं त्यांना वाटलं, म्हणून ते शेला आणखी जोरात फिरवू लागले. तो पाहून आम्हीही जोर वाढवला. मांडवात दोन-तीनशे माणसं सकाळपासून उपाशी होती, बैलगाड्या जुंपून दहा-दहा कोसांवरून आलेली. बँड ऐकला, मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळल्या आणि मांडव पंगतीकडे धावला! आचाऱ्यानं बँड ऐकला आणि बुंदीवरचं फडकं काढलं. वाढप्यांनी बँड ऐकला आणि वरणाच्या बादल्या उचलल्या.

"अहो, थांबा! अजून दोन मंगलाष्टकं बाकी आहेत!" भटजी ओरडले.

"बंद करा बे!" बाबा मांडवातून धावत आले. ते पोचले तेव्हा नेमका आमचा थांबा आला होता. बाबांना वाटलं, पोरांनी ऐकलं. ते समाधानानं वळले, आणि त्यांच्या पाठीमागे गजाननानं पुढचे दोन ठोके हाणले.

मी वाजवणं थांबवलं आणि मांडवात डोकावलो. अंतरपाट धरणाऱ्या दोन काकांपैकी एक पंगतीला जाऊन बसले होते. त्यांच्या बाजूचं टोक नवरदेवानं स्वतःच धरलं होतं, आणि कुसुम पलीकडे मान खाली घालून उभी होती. ती रडत असेल म्हणून मी जवळ गेलो. ती हसू दाबत होती, मुंडावळ्या नुसत्या थरथरत होत्या.

"दादा," ती पुटपुटली, "लगन लागलं का माह्यं?"

माय खाली बसून अक्षता वेचत होती. मीही वेचायला बसलो. मला इतकी लाज वाटत होती, की अक्षता संपू नयेत असं वाटलं.

भटजींनी उरलेली दोन मंगलाष्टकं म्हटली. ऐकायला आम्ही घरचे, नवरदेवाचे आईवडील आणि खांबाला टेकून झोपलेली एक म्हातारी. शेवटचं 'सावधान' झालं आणि सगळीकडे शांतता. मी बाहेर पाहिलं. लिंबाखाली ढोल एकटाच होता. माझा बँड पंगतीला बसला होता!

पोरीचं लग्न असं वाजंत्रीशिवाय लागतं की काय, या विचारानं बाबांचा चेहरा पडला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पूजेची पितळी परात उचलली आणि पळीनं बडवायला लागले. तीन ठोके. मग थांबा. मग दोन ठोके.

मी बघतच राहिलो. तीन वर्षं ओसरीवर बसून शिव्या देता देता माणसाच्या हातात आमची चाल बसली होती! पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "अजून एक लगन होतं काय हो?" आणि अर्धी पंगत पुन्हा बुंदीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला. मी सही केली. कागद घडी करत ते दाराकडे गेले आणि उंबऱ्यावर थबकले.

"तो थांबा," ते म्हणाले, "वाईट नाही हं." आणि निघून गेले. मला वाटतं, त्या क्षणी मी डोळे पुसले. (शेल्यानं नव्हे.)

मग मी आयुष्यभर कारकुनी केली. क्लॅरिनेट माळ्यावर गेलं, ते तिथंच आहे. पण स्वतंत्र बँड बुडाला असं म्हणता येणार नाही. अमडापूरला कुसुमच्या घरी आजही जेवायला कोणी हाका मारत नाही. ती ताटावर पळीनं तीन ठोके देते, थांबते, मग दोन देते. नवऱ्यापासून नातवंडांपर्यंत सगळं घर हात धुऊन पाटावर हजर! ऐकल्याबरोबर माणसाला भूक लागावी, असं संगीत मी निर्माण केलं आहे; आणि ते ऐकून सगळ्यांत आधी पाटावर मीच बसलेला असतो.