वाळूच्या डब्यातले कंद

आमच्या बागेत झाडाला नाव नंतर मिळतं, नंबर आधी. झाड कुठून आलं, कोणी आणलं, हे सगळं त्या नंबराला चिकटलेलं असतं. नाव चुकू शकतं, भल्याभल्यांचं चुकतं. नंबर चुकता कामा नये, असं आमचे सर येता-जाता बजावतात. सर म्हणजे बागेचे प्रमुख. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं हे लहानसं वनस्पती उद्यान आहे. लोक फाटकातून आत येतात, झोपाळे शोधतात आणि 'इथे तर नुसती झाडंच आहेत' म्हणून परत जातात. मी तिथे कंदांच्या झाडांचा संग्रह सांभाळते, आणि मोगऱ्याचं रोप मागायला येणाऱ्यांवर खेकसते.

त्या संग्रहात एक वेल होती, तिच्यावर माझा जीव होता. आईच्या माहेरच्या सड्यावरून मीच ती आणली होती. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही आणि गणपतीच्या दिवसांत पाय कुठे ठेवायचा कळत नाही, इतकी फुलं असतात. मी गणपतीलाच मामाकडे गेले होते. सड्यावरचा रस्ता रुंद करायच्या खुणा घातलेल्या होत्या आणि त्या खुणांच्या आत ही वेल गवतावर चढली होती. मी तिला कंदासकट उचलली. पुढच्या गणपतीला ती जागा डांबराखाली होती.

कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वेलींचं एक मोठं गोत आहे, त्यातलीच ही. पण बागेत तिला पहिलं फूल आलं तेव्हा सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे वेगळं दिसतंय." सरांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पेढे वाटण्यासारखं. आम्ही कॅमेरा आणेपर्यंत अळीने फुलाचा अर्धा भाग खाल्ला होता. अख्खं फूल मिळाल्याशिवाय नाव ठरवता येत नाही. म्हणजे जगाच्या लेखी ती वेल अजून नव्हतीच. आमच्याकडे नंबर तेवढा होता. पण कंद वाढून ओंजळभर झाले होते. येत्या पावसाळ्यात फूल आलं की अर्धे कंद दुसऱ्या बागेला द्यायचे, असं ठरलं होतं. सगळा साठा एकाच जागी ठेवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे.

उन्हाळ्यात या वेली सुकून जातात. वरून कुंडी रिकामी दिसते, जीव खाली कंदात झोपलेला असतो. आम्ही ते कंद काढून कोरड्या वाळूत ठेवतो. त्या वर्षी बागेच्या कोठीत घुशींनी धुमाकूळ घातला होता. शेजारच्या पेटीतले रानसुरण त्यांनी एका रात्रीत फस्त केले. सर म्हणाले, "हे घरी घेऊन जा. तुझ्याकडे घुशी नाहीत ना?"

"नाहीत, सर," मी छातीठोकपणे सांगितलं.

स्टीलच्या डब्यात वाळू घातली, कंद निजवले, झाकणावर मार्करने नंबर घातला आणि डबा घाटकोपरला घरी नेला. ओट्याखाली कांद्याच्या टोपलीशेजारी कोरडा, अंधारा कोपरा आहे, तिथे ठेवला. आई मालिका बघत होती. तिला म्हटलं, ओट्याखाली बागेचं सामान आहे, असू दे. ती "हूं" म्हणाली. बागेचं सामान म्हणजे खत आणि खुरपी, हे तिचं गणित मला माहीत असायला हवं होतं.

मग एकादशी आली. मी संध्याकाळी चपला काढत होते तेवढ्यात आई आतून म्हणाली, "गो, तुझ्या मामान कंद धाडल्यान. मिठात उकडलंय. तुझो वाटो फ्रिजात असा, खा."

"कुठले कंद?"

"खरपुडीचे. ओट्याखाली डबो होतो नाय, तो."

खरपुडी म्हणजे या कंदिलासारख्या वेलींचं आईच्या गावचं नाव. मी स्वयंपाकघरात गेले. डबा घासून, पुसून मोरीपाशी पालथा ठेवला होता. झाकणावरचा नंबर तारेच्या घासणीने अर्धा गेला होता. वाळू तुळशीच्या कुंडीत. मी तिथेच लादीवर बसले.  

आईची चूक कशी झाली हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. गावाहून मुंबईला सामान येतं ते रात्रीच्या खासगी बसने. आंबे, फणसाची साठं, कोकमं, सगळं त्याच बसच्या पोटात. पार्सल कुणाचं ते कळावं म्हणून बसवाले त्यावर मार्करने मोठा नंबर घालतात. आमच्या घरात जन्मभर नंबर घातलेले डबे आले, आणि प्रत्येक डब्यात खायचंच काहीतरी निघालं. त्यात कंद, तेही वाळूत, म्हणजे गावाकडे ठेवतात तसे. वर उपासाचा दिवस. तिने दुसरं काय समजायचं होतं?

हे मला आज सुचतं. तेव्हा मी ओरडले. "सगळे उकडलेस?"

"मगे? कच्चे खाऊक माका दात खय असत? लहानपणी खायचंव, सोलून, थयच सड्यार बसून." ती खुशीत होती. "बाजूच्या बेनकव देत होतंय. पण ती जमनीखालचा खाना नाय."

शेजारच्या बेनने चार कच्चे कंद घेतले असते आणि तोंडाला न लावता ठेवून दिले असते, तर तेवढे तरी वाचले असते! मी त्या क्षणी आमच्या सोसायटीतल्या सगळ्या जैन कुटुंबांना वैतागून मनोमन कोपरापासून हात जोडले.

"आणि मामाक फोन केलंय," आई म्हणाली. "म्हटलंय, कंद बरे लागले."

"तो काय म्हणाला?"

"म्हणालो, बरे लागले ना, मगे झाला."

न पाठवलेल्या वस्तूचे आभार त्या माणसाने बिनबोभाट खिशात टाकले होते. मला हसू येत होतं की रडू, ते कळेना. मग मी तिला सगळं सांगितलं. हे मामाने पाठवलेले नव्हते, मी आणलेले होते, ही वेल कोणी नोंदलेलीच नाही, नाव मिळायचं होतं, याच पावसात. आईच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली. पण ती घाबरली नाही. उलट माझ्यावरच उखडली. "एवढी सोन्याची वस्तू, तर कांद्याच्या बाजूक कित्याक ठेवलंस?" आणि लगेच मऊ होऊन म्हणाली, "रडतंस कित्याक? पलीकडल्या सड्यार पोत्यान असत. व्हाळ ओलांडलो की खरपुडीच खरपुडी. सकाळी मामाक धाडतंय थय."

ओढ्यापलीकडचा सडा. मी तिकडे कधी गेलेच नव्हते. धावतपळत गणपतीला जायचं, आरत्या करायच्या, दुसऱ्या दिवशी परत. आईचे गुडघे गेल्यापासून तर तीही गेली नव्हती. मला एकदम धीर आला. एका जागेवरून आणलेली वेल दुसऱ्या जागी असणारच, का नसावी? मी सरांना फोन लावला. आधी वाईट बातमी सांगितली. 

"सगळे?" सरांनी विचारलं.

"एक आहे. उकडलेला."

"तो तसाच फ्रीजमध्ये ठेव. उद्या घेऊन ये, बाटलीत स्पिरिटमध्ये घालू. निदान काहीतरी राहील." मग पलीकडच्या सड्याचं सांगितल्यावर त्यांचा आवाज जरा माणसात आला. म्हणाले, जागा नक्की झाली की पावसात आपण स्वतः जाऊ, आईंनाही घेऊ.

सकाळी मामा स्कूटरवरून सड्यावर गेला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. आई आंघोळ करून, केस विंचरून मोबाइलसमोर बसली होती, नवीन सूनबाई बघायला बसावं तशी. पडद्यावर आधी मामाचा कान दिसला, मग आभाळ, मग लाल रंग. नुसता लाल. उभ्या कापलेल्या लाल भिंती, मध्ये खोल खड्डे, खड्ड्यांत हिरवट पाणी. काठावर घरबांधणीचे चिरे रचून ठेवलेले, ट्रक उभा.

"खय उभो असंस तू?" आई म्हणाली. "फोन फिरव रे. ह्यो आमचो सडो न्हय."

मामाने फोन फिरवला. तिकडेही तेच.

"व्हाळाच्या पलीकडे जा म्हटलंय तुका."

"व्हाळ खय उरलो, गो?" मामा म्हणाला. "थयच उभो असंय. सगळ्यांनी चिऱ्याक दिल्यानी. आपलोव दिलो."

"आपलो?" आईने विचारलं. "माका कोण इचारल्यान?"

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मामाने कॅमेरा खाली केला, आता त्याची चप्पल दिसत होती आणि चपलेखालची लाल धूळ. आई त्या चपलेकडे बघत राहिली. शेवटी फोन मीच बंद केला.

मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे मियां खाल्लंय, ते शेवटचे?"

खोटं बोलायचं मनात आलं. अजून शोधतील, कुठेतरी असतील, असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण तिने तो सडा आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी म्हटलं, "आम्हाला माहीत असलेले, शेवटचे."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. फ्रीज उघडला. झाकण घातलेली वाटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"खा."

"आई, सरांनी मागितलाय. बाटलीत ठेवणार आहेत."

"बाटलेतलो कोण खातलो?" तिने वाटी आणखी पुढे सरकवली. "माझ्यामागे कोणाक तरी चव म्हायत व्हयी. खा गो."

मी बाग सांभाळणारी बाई. एकेका बियाणासाठी भांडणारी, मुलं फूल तोडताना दिसली तर अंगावर धावून जाणारी. मी वाटीवरचं झाकण काढलं. तपकिरी, अंगठ्याएवढा कंद होता, एका बाजूला मीठ सुकलेलं. सोलला आणि खाल्ला. सरांना काय सांगायचं याचा विचारही केला नाही.

"कसो लागलो?" आईने विचारलं.

मला वाटलं होतं, मातकट लागेल, गिळवणार नाही. सड्याच्या त्या खड्ड्यांपेक्षाही मोठा धक्का मला त्या घासाने दिला. तो कंद फार गोड होता. आणखी एक असता, तर मी तोही खाल्ला असता.