दार बंद आहे म्हणे

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि धंदाही तसाच निवडला. अंधेरीच्या एका गाळ्यात आम्ही छोट्या कारखान्यांसाठी कंट्रोलर बोर्ड बनवतो. बोर्डाच्या काही पिनांना स्विच जोडायचे, काहींना रिले. स्विचने खबर द्यायची, बोर्डाने ठरवायचं आणि रिलेने टक् करून पंप, दिवा, बेल, जे असेल ते चालू करायचं. यात सगळ्यात खोटारडा स्विच. एकदा दाबला तरी आतला पत्रा थरथरतो आणि बोर्डाला वाटतं चार-पाच वेळा दाबला. पिन मोकळी सोडली तर ती मनाला येईल ते सांगते, म्हणून रेझिस्टर लावून तिला बांधून ठेवावं लागतं. कामावर नवीन कोणी आलं की मी सांगते, स्विच म्हणाला म्हणून लगेच खरं मानू नका, जरा थांबून पुन्हा विचारा.

हीच विद्या मी घाटकोपरच्या घरी बाबांवर वापरली.

बाबा विसरायला लागले होते. सगळी नोकरी त्यांनी मानखुर्दच्या पुढे, ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात केली. निवृत्त होऊन कैक वर्षं झाल्यावर एका सकाळी ते कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरले आणि बसमध्ये बसून मानखुर्दला पोचले. तिथल्या एका रसवाल्याने त्यांच्या खिशातला नंबर बघून मला फोन केला. मी गेले तेव्हा बाबा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. मला म्हणाले, "आज आपलं गेट सापडत नाहीये." मी इतकी घाबरले होते की त्यांच्यावरच डाफरले. घरी येऊन आईला बजावलं, यापुढे बाबा एकटे बाहेर जाणार नाहीत, आणि पुन्हा गेले तर बाहेरून कुलूप. आई गप्प बसली की मला जास्त संशय येतो.

त्या रविवारी मी दाराला स्विच बसवला. काचेच्या छोट्या नळीतला, चुंबक जवळ असला की जुळणारा. नळी चौकटीवर, चुंबक दारावर. दार उघडलं की चुंबक लांब जाणार, बोर्डाला कळणार, रिले टक् करणार आणि स्वयंपाकघरात बेल वाजणार. रिले नेमका उलट्या डोक्याचा निघाला, पिनेवर वीज दिली की बंद, काढली की चालू. त्यामुळे आधी दार बंद असतानाच बेल कोकलत राहिली. मी ते सुधारत होते तेव्हा आई शेजारी उभी होती. सगळं झाल्यावर मी फ्रीजवरचा चुंबक आणून नळीला टेकवला आणि दार सताड उघडलं. बेल गप्प. "बघ, ह्याला वाटतंय दार बंदच आहे," मी म्हटलं. शहाणपणा दाखवायची मला खोडच आहे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघायच्या आधीच बेल वाजली. बाहेर आले तर बाबा चपला घालून, हातात पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही," म्हणाले आणि चपला काढायला लागले. यंत्र चालतंय म्हणून मी खूश झाले.

मग काही दिवसांनी तळमजल्यावरच्या काकू लिफ्टपाशी भेटल्या. "तुझे बाबा आता छान दिसतात गं. सकाळी कोथिंबीर घेऊन येत होते." घरी जाऊन आईला विचारलं, "आज सकाळी बेल नाही वाजली?"

"नाही गं वाजली."

आई कधी खोटं बोलत नाही, असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. मी मात्र दार उघड-बंद करून बघत बसले. दर वेळी बेल वाजली. जे अजिबात चालत नाही ते परवडलं. कधी चालतं, कधी चालत नाही, ते डोकं खातं. मी वायरवर संशय घेतला, ती बदलली. लिफ्टच्या मोटरवर घेतला. रिले बदलला. कामवाल्या बाईंवर घेतला, कारण बेलने दचकायला होतं असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. बाबांवरही घेतला, जुन्या माणसाच्या हाताला काय आठवेल सांगता येत नाही. इतकं करून काकूंना बाबा पुन्हा दिसलेच. त्या संध्याकाळी मी कुलूप आणि कोयंडा घेऊन आले.

कोयंड्यासाठी चौकट चाचपत होते तेव्हा नळीच्या बाजूला बोटाला चिकट लागलं. तपकिरी चिकटपट्टीचा तुकडा होता. आई गुडघ्याला बांधते तीच.

"तू?" मी म्हटलं.

आई भाजी निवडत होती. तिने वर पाहिलंही नाही. "फ्रीजवरचा चुंबक. तू गेलीस की लावते, तू यायच्या आत काढते. तुझ्या बोर्डाच्या डब्याला हात नाही लावला. आणि बेल वाजली नाही, हे खरंच होतं ना?"

"ते परत हरवले असते म्हणजे?"

"मी असते ना मागून. त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं एकटेच जातात." मग निवडणं थांबवून म्हणाली, "त्या दिवशी चपला काढताना त्यांचा चेहरा बघितलास? मी बघितला. एकदा येऊन बघ, मग लाव तुझं कुलूप."

माझा विश्वास बसला नाही. ह्या गुडघ्यांनी ती काय मागे जाणार? सकाळी ऑफिसला जाते सांगून निघाले आणि समोरच्या मेडिकलच्या आडोशाला उभी राहिले.

बाबा आले. पिशवी झुलवत, मान ताठ. घरात त्यांची मान अशी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. बऱ्याच अंतराने आई, एक पाय ओढत, दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करत. मी दोघांच्या मागे चालू लागले. नाक्यावर बाबा थांबले. रिक्षा थांबल्या, माणसं रस्ता ओलांडून गेली, तरी ते हलेनात. झालं, विसरले, मला वाटलं, आणि मी पुढे धावणार होते.

बाबांनी मागे न बघता हात मागे केला. पंजा उघडा. तो तसाच धरून ते उभे राहिले, आई पोचेपर्यंत. तिने हात धरला आणि दोघं हळूहळू पलीकडे गेली. पलीकडे पोचल्यावर बाबांनी हात सोडला आणि पुन्हा पुढे चालू लागले. आई बांगड्यांच्या गाडीपाशी थांबली, ते पुरेसे लांब जाईपर्यंत. मी अलीकडेच उभी होते. मला रडू येत होतं आणि नाक्यावरचा फळवाला विचारत होता, ताई, काय देऊ.