बहिणीच्या सायकलचं मागचं चाक

चाक सरळ झालं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या धाकट्या बहिणीला तर नाहीच. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे की मी तिच्यासाठी एक सायकल जोडली, पण मागचं चाक काही केल्या सरळ येईना आणि त्यापायी तिची मास्तरणीची नोकरी हुकली. सायकल जोडली हे खरं. नोकरी हुकली हेही खरं. मधलं मी घातलेलं आहे.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. महाडच्या बाहेर सावित्रीच्या अंगाला आमचं घर, भाताची शेती. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. मी मॅट्रिकला दोनदा बसून महाडात एका सायकलच्या दुकानात कामाला लागलो होतो. भाड्याच्या सायकली पुसायच्या, पंक्चर काढायचं, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. बहीण मात्र पहिल्या झटक्यात सातवीची फायनल पास झाली, मास्तरणीला तेव्हा तेवढी पुरे. पोलादपूरच्या वाटेवर, आमच्यापासून सात मैलांवर, एका गावच्या शाळेत जागा होणार असं कळलं आणि तिनं अर्ज केला.

बाबांना ते मनातून नको होतं. तिथं एकटीनं राहायचं नाही, रोज दिवेलागणीला घरी परत यायचं, असं त्यांनी बजावलं. एस.टी. त्या गावाला पोचायची तेव्हा शाळेची निम्मी वेळ सरलेली असायची. बहीण म्हणाली, सायकलनं जाईन. बाबा हसले. म्हणाले, "सायकल हाय कुठं? हाय तर जा. नाय तर नाय." नवी सायकल आमच्या घरात येणं शक्य नाही, हे त्यांना माहीत होतं.

त्या वर्षी भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं तेव्हा तबकात मी एक घंटी ठेवली. दुकानातली जुनी, पण घासून चकचकीत केलेली. म्हटलं, ही पहिली. बाकीची ओवाळणी एकेक करून येईल. तिनं ती घंटी तिथंच वाजवून बघितली.

मग मी सायकल गोळा करायला लागलो. फ्रेम पोलादपूरला मिळाली, रस्त्याच्या कामावरच्या एका मेस्त्रीकडे, गंज धरून भिंतीला टेकलेली. एस.टी.च्या टपावर टाकून आणली. पुढचा चिमटा आमच्या मालकाच्या भंगारातला. कॅरिअर लोहाराकडून पट्टीचं करून घेतलं, कारण त्यावर तिची पुस्तकं, भाकरी आणि पावसाळ्यात घोंगडी राहायला हवी होती. मामा मुंबईला गिरणीत होते. ते गावी येणाऱ्या माणसाबरोबर चेन, फ्रीव्हील, छर्रे असं काहीबाही पाठवत. कागदाच्या पुडीतले छर्रे बहीण रॉकेलमध्ये धुऊन परातीत वाळत घालायची. शेजारची काकी एकदा म्हणाली, "हे कसलं गो वाळवण? सांडगे की काय?" बहीण म्हणाली, "व्हय काकी, तळून देते, दात असतील तर खा."

फ्रेम पुरुषी होती, मधल्या दांड्याची. गोल पातळ नेसून तिच्यावर बसता येईना. बहिणीनं पेटीतून आईचं नऊवारी लुगडं काढलं आणि कासोटा घातला. शाळेत शिकलेल्या मुली तेव्हा नऊवारी सोडत होत्या, ही उलट धरत होती. दुकानातली सायकल घेऊन मी तिला नदीच्या कडेला शिकवायला न्यायचो. वाटेत बायका टोकायच्या, टपाल वाटणार काय गो? ही म्हणायची, "वाटीन की. पयलं तुला कुणाचं पत्र येऊ दे."

एका संध्याकाळी मी मागून कॅरिअर धरून पळत होतो, आणि तिला तोल साधलाय असं वाटलं तेव्हा हात सोडला. ती पुढं जात राहिली. मागं न बघता तिनं विचारलं, "दादा, धरलायस ना?" मी लांबून ओरडलो, "धरलाय." ती नांगरलेल्या शेतापर्यंत एकटी गेली.

नेमणुकीचा हुकूम शिमग्याच्या तोंडावर आला. शिमगा झाला की पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मामा शिमग्याला आले ते दोन रिमा आणि तारांचा जुडगा खांद्याला अडकवूनच. पालखी घरासमोर आली तेव्हा मी पडवीत बसून हबमध्ये तारा ओवत होतो. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस. आधी सगळ्या सैल ओवायच्या, मग जिथं रिम डावीकडं जाते तिथली उजवीकडची तार आवळायची, पाव फेरा, अर्धा फेरा. घाई केली की चाक हट्टाला पेटतं.

सायकल अंगणात हँडलवर आणि सीटवर उलटी उभी केलेली असायची. बहीण एका हातानं चाक फिरवायची आणि दुसऱ्या हातानं रिमेजवळ खडू धरायची. शाळेसाठी आणलेले तिचे स्वतःचे खडू. जिथं रिम बाहेर येई तिथं पांढरी खूण उठे. ती म्हणे, इथं, आणि मी तिथली तार आवळायचो. पुढचं चाक लगेच झालं. मागचं गुरुवारपर्यंत रेंगाळलं, आणि शुक्रवारी सकाळी, ती पाण्याला गेलेली असताना, माझ्या हाताखाली सरळ आलं. खडू धरला, तो कुठंच लागला नाही. चाक फिरताना दिसतही नव्हतं, नुसतं उजेडासारखं उभं.

दुपारी बाबा आणि ती शेतात राब भाजायला, रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला, गेली होती. मी सायकल सुलटी केली आणि रस्त्याला लागलो. म्हटलं, तपासायला नको?

भाड्याच्या सायकलींनी माझे दिवस गेले होते. दुसऱ्याच्या, खडखडणाऱ्या, तासाच्या हिशेबानं परत घ्यायच्या. ही चालली तेव्हा टायरशिवाय कशाचाच आवाज येत नव्हता. मी हँडलवरचे हात काढले तरी ती रेषेत जात राहिली. पोलादपूरच्या वाटेनं त्या शाळेपर्यंत गेलो. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर खेळत होती. मला घाम आला होता आणि मी हसत होतो. समोर डोंगर होते, त्यांच्यापलीकडं कशेडीचा घाट. असंच पुढं जावं, असं इतकं वाटलं की मी सायकल तिथंच थांबवून दांड्यावर हात ठेवून उभा राहिलो. सोमवारपासून ही माझी नव्हती.

पुढं मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. रस्ता वाईट, वळणावर ट्रक, एकटी मुलगी, लोकांची तोंडं. त्यातलं एकही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. मला सायकल हवी होती. कायमची नाही, एवढंच स्वतःशी म्हटलं. अजून थोडे दिवस. पण सोमवार कधी येतो हे मला माहीत होतं.

घरी येऊन मी ती पुन्हा उलटी केली. संध्याकाळी बहीण खडू घेऊन आली. चाक फिरवलं, खडू धरला, पुन्हा फिरवलं.

"दादा, आता कुठंच लागत नाय."

मी खाली बघून तारांची चावी पुसत होतो. म्हटलं, "वरखाली आऊट हाय. ते खडूला कळत नाय."

"तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग झालं," ती म्हणाली आणि खडू पदराला पुसून ठेवून दिला.

शनिवारी ती माझ्याजवळ बसून राहिली, पाणी दे, चहा दे करत. तिला दाखवायला मी एक तार सैल करायचो आणि तीच आवळायचो. रविवारी बाबांनी विचारलं. मी म्हटलं, अजून भरवसा नाही, उतारावर चाक बसलं तर माणूस जाईल. बाबांच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं दिसलं. म्हणाले, "मग सोड. वाकड्या चाकावर माझी पोरगी जायची नाय." बहीण म्हणाली, दोन दिवस चालत जाते. ते नको म्हणाले. ती माझ्याकडं बघत राहिली, मी काही बोलेन म्हणून. मी बोललो असतो तर बाबांनी ऐकलं असतं.

सोमवार गेला. पुढच्या आठवड्यात मी चाक झालं म्हणून सांगितलं, तेव्हा ती धावत आत गेली आणि लुगडं नेसून आली. बाबा तिला घेऊन चौकशीला गेले. जागेवर दुसरा माणूस घेतला होता. परत आल्यावर तिनं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. रडली नाही. मलाच म्हणाली, "तू तरी काय करणार दादा? किती झटलास."

पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, तिला मुंबईला दिलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं ती घंटी आणली आणि स्वतः पान्यानं हँडलला आवळली. म्हणाली, घाटात जायचं म्हणतोस ना, घंटीशिवाय जाऊ नकोस.

मी गेलो. कॅरिअरला घोंगडी बांधून कशेडी चढलो आणि खेडपर्यंत जाऊन आलो. मजा आली, खोटं कशाला बोलू. फ्रेम देणाऱ्या त्या मेस्त्रीनं मला रस्त्याच्या कामावर सामान सांभाळायला ठेवलं, आणि त्या सायकलवर मी वर्षानुवर्षं घर ते पोलादपूर केलं. माझा संसार त्या दोन चाकांवर उभा राहिला. जाताना आणि येताना ती शाळा लागायची. सकाळी पाढे ऐकू यायचे. त्या वळणावर घंटी वाजवायला हवी, मी ती कधी वाजवली नाही.

बहीण चाळीत राहते. जिन्याच्या पायऱ्यांवर शेजारची मुलं बसवून त्यांना बाराखडी शिकवते, फुकट. दर भाऊबीजेला मी जातो आणि तबकात लुगडं ठेवतो. गेल्या वर्षी ती आपल्या नव्या सुनेला सांगत होती, आमच्या दादानं माझ्यासाठी चाळीस तारांचं चाक विणलं, हाताला घट्टे पडले बिचाऱ्याच्या. सून माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी लाडू खाल्ला.

सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे. टायर कुजलेत. परवा हातानं मागचं चाक फिरवलं, अजून सरळ आहे.

तिची ओवाळणी माझ्याकडं राहिली आहे. सायकल आता देऊन उपयोग नाही. चाक शुक्रवारीच सरळ झालं होतं, एवढं तिच्या समोर बसून, तिच्याकडं बघून सांगायचं, हे माझं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.