नास्तिकांच्या झाडांवरचे कावळे

देव मानणाऱ्यांच्या घरी प्रसाद साचतो आणि न मानणाऱ्यांच्या घरी किस्से साचतात, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. कारण साधे आहे. आस्तिक माणसाला त्याच्या श्रद्धेविषयी कोणी काही विचारत नाही. नास्तिकाला मात्र जो तो रस्त्यात थांबवून विचारतो. त्याने उत्तर दिले की तेथे एक किस्सा तयार होतो. कारंज्यात आम्ही तीन नास्तिक होतो आणि तिघांनाही उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

गुणवंतराव एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शांतिलालजींचे बाजारात भांड्यांचे दुकान. घराणे जैन, कर्मठ. मी एसटीत कंडक्टर होतो. माझी शाळा सातवीत सुटली, परंतु मेडशीहून परतीची गाडी निघेपर्यंत जो वेळ मिळे, त्यात मी आमच्या वाचनालयाची तीन कपाटे वाचून संपवली. दर सोमवारी सायंकाळी त्या वाचनालयाच्या मागच्या ओसरीत आमची बैठक भरत असे. बैठकीला आम्ही नाव दिले नाही. नाव दिले की अध्यक्ष लागतो, आणि तिघांपैकी दोघांना तो व्हायचे होते.

ओसरीसमोर नाल्याच्या काठाने अकरा कडुनिंब उभे आहेत. ते गुणवंतरावांनी लावले. दवाखान्यात जाण्यापूर्वी ते दोन बादल्या घेऊन हापशीवर जात. झाडे मोठी झाली, त्यांना पाण्याची गरज उरली नाही, तेव्हा त्यांनी मधल्या मोकळ्या जागांत नवी रोपे लावली आणि बादल्या चालूच ठेवल्या. कोणी विचारले, काहून एवढा जीव काढता, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे.

"पुन्हा जन्म नाही. हा एकच आहे, तर सावलीत बसावं."

* * *

शांतिलालजींनी देव, कर्म, पुनर्जन्म, मोक्ष हे सर्व तिसाव्या वर्षी सोडले, असे ते सांगत. तथापि ते सूर्यास्तापूर्वी जेवत, पाणी गाळून पीत आणि पावसाळ्यात पालेभाजीला हात लावत नसत.

एकदा बैठकीत माझ्या पुस्तकाच्या पानावर मुंगी आली. मी ती बोटाने उडवणार, तोच त्यांनी माझे मनगट धरले.

"हळू. तिले पुढचा जन्म नाही."

मी पुस्तक ओसरीच्या कडेला नेऊन तिरपे धरले. मुंगी आपल्या सवडीने उतरली. तोवर आमची चर्चा थांबलेली होती.

त्यांच्या मातोश्रींना मुलगा नास्तिक झाल्याचे कळले, तेव्हा त्यांनी महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवले. मग एक दिवस जेवताना शांतपणे विचारले, "रात्री जेवत नाही, पाणी गाळतो, कांदा खात नाही. मंग तू सोडलं तरी काय?"

शांतिलालजी म्हणाले, "फक्त कारण सोडलं."

मातोश्रींनी त्यांना आणखी एक पोळी वाढली. त्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

* * *

गुणवंतरावांचा रक्तगट सहसा न मिळणारा होता. वाशीमहून निरोप आला की ते हातातले काम दुसऱ्याकडे सोपवून निघत. मी एकदा त्यांना विचारले, की पुण्यावर आपला विश्वास नाही, मग ही धावपळ कशासाठी?

ते म्हणाले, "पुण्य भेटलं असतं तर तो सौदा झाला असता. भेटत नाही म्हणून तर देता येते."

एकदा मेडशीची एक बाळंतीण अडली होती. गुणवंतरावांचे रक्त तिला चढले आणि ती वाचली. तिच्या आईने वाशीमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचे पाय धरले. "भाऊ, तुमी देवावानी धावून आले."

गुणवंतराव चुकीचे विधान तसेच सोडून देणाऱ्यांपैकी नव्हते. "नाही बाई," ते म्हणाले, "मी साडेअकराच्या एसटीनं आलो."

बाईने ते मनावर घेतले. पुढच्या आठवड्यात ती हळदकुंकू आणि नारळ घेऊन कारंज्याच्या स्टँडवर आली, साडेअकराची गाडी कोणती म्हणून चौकशी केली आणि बसला ओवाळले. ड्रायव्हरने चपला काढून हात जोडले. प्रवाशांनीही आपापल्या जागेवरून जोडले. नारळ चाकाखाली फोडायचा की पुढच्या बंपरवर, यावर दोन मते पडली.

त्या दिवशी त्या गाडीवर कंडक्टर मी होतो. गाडी उशिरा निघाली की कारण लिहून द्यावे लागते, आणि खोटे कारण मी नोकरीत कधी लिहिले नाही. मी लिहिले : पूजा.

गुणवंतराव त्यानंतर दहाच्या गाडीने जाऊ लागले.

* * *

पुढे आम्ही तिघेही सेवानिवृत्त झालो. म्हणजे शांतिलालजींनी दुकान मुलाकडे दिले. त्याच सुमारास गावातल्या एका मंडळाने नाल्याकाठच्या त्या जागेवर सभागृह बांधण्याचे ठरवले. नकाशात अकरा झाडांच्या जागी वाहनतळ दाखवलेला होता.

गुणवंतरावांनी मला अर्ज लिहावयास सांगितले. मी तो चार वेळा शुद्ध करून लिहिला. त्यातील मुख्य वाक्य असे होते : 'मनुष्य, पक्षी व वृक्ष यांपैकी प्रत्येकास एकच आयुष्य लाभत असल्याने, त्यातील कोणतेही विनाकारण तोडणे हे अपरिमित नुकसान होय.'

नगरपालिकेच्या कार्यालयातील लिपिकाने अर्ज संपूर्ण वाचला, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो. मग त्याने चष्मा वर सरकवून विचारले, "काका, हे झाडं कोनत्या देवाचे आहेत?"

"कोणत्याही नाहीत," मी म्हणालो.

"मंग कठीण आहे."

त्याने आमच्यावर दया करून खुर्ची जवळ ओढली आणि उपाय सांगितला. एका झाडाच्या बुंध्याशी गोटा ठेवायचा, त्याला शेंदूर लावायचा आणि आठ दिवस उदबत्ती लावायची. नंतर त्या झाडाला कोणीही हात लावत नाही. त्याच्या स्वतःच्या गावी, केनवडला, चिंच अशीच वाचली होती.

सोमवारच्या बैठकीत हा प्रस्ताव शांतिलालजींनी मांडला. झाडे वाचत असतील तर आपण डोळे मिटून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे पडले. मी तटस्थ होतो.

"आज गोट्यानं झाड वाचन," गुणवंतराव म्हणाले. "उद्या गोट्याले मंदिर लागन. मंदिराले जागा लागन. तवा झाड कोण वाचवन? इथं गोटा बसला तर मी येणार नाही."

प्रस्ताव फेटाळला गेला.

* * *

मदत आली ती आम्ही न मागितलेल्या दिशेने. दहाव्याचे विधी करणारे बंडू महाराज एका सकाळी पाच-सहा माणसांना घेऊन आमच्या ओसरीसमोर उभे राहिले. त्यांतल्या तिघांचे डोके नुकतेच भादरलेले होते.

महाराजांची अडचण व्यावसायिक होती. पिंडाला कावळा शिवला पाहिजे. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर तो शिवत नाही, मग घरचे लोक एकेक आश्वासन देतात आणि ते पटले की तो खाली उतरतो, अशी समजूत आहे. परंतु पूर्वीच्या जागेवरची झाडे गेली आणि त्यांच्याबरोबर कावळेही गेले.

"आश्वासन द्यायले लोक तयार आहेत," महाराज म्हणाले, "ऐकायले कोणी नाही. साऱ्या गावचे कावळे तुमच्या झाडावर येऊन राह्यले."

गुणवंतरावांनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. प्लास्टिक आणायचे नाही. पत्रावळ पानांची हवी. आणि कावळा शिवो अथवा न शिवो, प्रत्येक माणसाने जाताना एका रोपाला बादलीभर पाणी घालायचे. महाराजांनी ती शेवटची अट विधीतच बसवून टाकली. पुढे काही घरांत ती परंपरा असल्याचे आम्हाला सांगण्यात आले.

झाडे तुटणार असल्याचे समजताच महाराजांनी आपला स्वतंत्र अर्ज दिला. तो एकाच ओळीचा होता : 'हे झाडं तोडले तर गावाचे पितर उपाशी राहतीन.' खाली बाजारपेठेपासून वस्तीपर्यंतच्या सह्या होत्या. सभागृहवाल्या मंडळाच्या अध्यक्षांचीही होती, कारण त्यांचे वडील आजारी होते.

आमच्या अर्जावर पोच म्हणून शिक्का मिळाला होता. महाराजांना चहा मिळाला आणि प्रकरण 'पुढील निर्णयापर्यंत स्थगित' झाले. ते आजही स्थगित आहे. स्थगिती केव्हाही उठू शकते, असे लिपिकाने मला खाजगीत सांगितले आहे.

* * *

मागच्या उन्हाळ्यात गुणवंतराव वारले. देहदानाचा फॉर्म त्यांनी पूर्वीच भरलेला होता. जळणाची लाकडे वाचतात, हे त्यांचे एक कारण, आणि विद्यार्थ्यांना शिकायला मिळते, हे दुसरे. देहदान होऊ देऊ नका, असा नातेवाईक त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, आग्रह करू लागले. वहिनी रोज पूजा करणाऱ्या. त्या मान्यता देणार नाहीत, असे सर्वांना वाटले होते.

वहिनी म्हणाल्या, "देह त्यायचा होता, त्यायनं देला. दहावा माहा आहे. तो मी करीन."

देह अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला. दहाव्या दिवशी त्यांच्याच झाडांखाली पिंड मांडले गेले. वहिनींनी सकाळपासून पाणीही घेतले नव्हते. कावळा शिवल्याशिवाय त्या घेणार नव्हत्या.

कावळा तिसऱ्या कडुनिंबावर बसलेला होता. तो पाहत होता, पण उतरत नव्हता. थोरला मुलगा प्रकाश पुढे झाला आणि आईला सांभाळीन, म्हणाला. मुलीने सांगितले की माझी काळजी करू नका. एक तास गेला. ऊन चढले. मुंग्या पिंडापर्यंत पोचल्या होत्या आणि शांतिलालजी त्यांच्या वाटेतून लोकांचे पाय बाजूला करवीत होते.

अखेर प्रकाशने हात जोडून मोठ्याने सांगितले, "बाबा, या झाडाखाली तुमच्या नावाचा ओटा बांधतो. वर गोटा बसवून शेंदूर लावतो. मंग झाडाले हात लावायची कोणाची हिंमत नाही."

कावळा उडाला आणि पार शेवटच्या, अकराव्या झाडावर जाऊन बसला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, त्यायच्या मनात काय होतं ते तुमाले माहीत. तुमी बोला."

मी म्हणालो, "वहिनी, गुणवंतराव कावळ्यात नाहीत. ते अकोल्याला आहेत."

"ते मले माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "तरी बोला."

मी सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि अकराव्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. बंडू महाराजांनी मंत्र थांबवला.

"गुणवंतराव," मी म्हणालो, "आपण येथे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि वहिनींच्या आग्रहास्तव सांगतो, की या झाडांखाली कोणताही गोटा बसणार नाही. मी बसू देणार नाही. रोपांना सोमवारपासून मी पाणी घालीन. दोन बादल्या."

कावळा जमिनीवर उतरला, पत्रावळीपर्यंत चालत गेला आणि त्याने भाताचा घास उचलला. वहिनींच्या मुलीने त्यांच्या तोंडाला तांब्या लावला.

परतताना शांतिलालजी म्हणाले, "भूक लागली असन त्याले."

"अर्थात," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी दोन बादल्या घेऊन हापशीवर गेलो, तर शांतिलालजी आधीच तेथे उभे होते. त्यांच्याही हातात दोन बादल्या होत्या.

त्यांनी मला काही विचारले नाही. मीही त्यांना विचारले नाही.