‘बिगर चिरफाड’ची केस

ती घटना आठवली की आजही गुन्ह्याआधी माझी फजितीच आठवते. सायबर शाखेतून मदतीला आलेली महिला अंमलदार म्हणाली, “सर, सगळा खेळ अँकर टेक्स्टचा आहे.” मी टीव्हीवरच्या बातम्या बघणारा माणूस. गंभीरपणे विचारलं, “कोणत्या चॅनेलची? नोटीस काढा, बोलावून घ्या.” ठाणे अंमलदारानं तोंड फायलीत घातलं.

मग तिनंच समजावलं. वेबसाइटवर ज्या निळ्या शब्दांवर बोट टेकवलं की दुसरं पान उघडतं, ते शब्द म्हणजे अँकर टेक्स्ट. ठिकठिकाणच्या वेबसाइटवरून तेच शब्द एकाच दवाखान्याकडे बोट दाखवू लागले, की शोधणाऱ्या यंत्राला वाटतं, हाच तो. आणि त्याचं नाव सगळ्यात वर चढतं.

फिर्यादी होती चितेगावच्या एका कामगाराची बायको. नवऱ्याला मुतखडा. एका बोगस डॉक्टरनं दोन महिने नुसत्या पुड्या दिल्या. तोवर एक किडनी सडली, ती काढावी लागली. जबाब घेताना मी विचारलं, त्याच्याकडेच का गेलात?

“मोबाईलमधी बोलले सायेब, बिगर चिरफाड मुतखडा दवाखाना. पयलं नाव ह्येचंच आलं. माझेच शब्द तिथं लिव्हलेले. वाटलं, आपल्यावानी बोलतंय, म्हंजी आपलंच माणूस आसंल.”

सही करून ती उठली आणि दाराशी थांबली. शिक्षा किती होईल, हे तिनं विचारलं नाही. “सासू म्हन्ती, ह्या बाईनंच माझ्या लेकाची किडनी घालवली. तुमी तेवढं तिला सांगा, मी येडी नव्हते.”

सांगतो म्हणालो.

बोगस डॉक्टर लगेच सापडला. त्याच्या फोनमधून नाव मिळालं ते त्याला वर चढवणाऱ्याचं. गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानावर त्याचं ऑफिस. चाळिशीचा, चष्मेवाला, अति नम्र. आवाज चढवायची माझी सगळी तयारी वाया गेली; तो स्वतःच शिकवणी घेतल्यासारखा बोलू लागला. लिंकवर ‘इथे क्लिक करा’ लिहून उपयोग नसतो, आणि ‘मूत्ररोगतज्ज्ञ’ कोणी शोधत नाही. घाबरलेला माणूस जे बोलतो, तेच शब्द लिंकवर पाहिजेत.

“ते तुला कुठं मिळाले?”

“मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर चहाची टपरी आहे ना साहेब. चार दिवस बसलो. नातेवाईक बोलतात, आपण ऐकायचं.”

त्याची वही मुद्देमालात जमा केली. ‘बिगर चिरफाड’खाली दोन रेघा होत्या. उभ्या नोकरीत माझ्या एकाही खबऱ्यानं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

मग त्यानं वेबसाइटची यादी दिली. शाळा, भजनी मंडळं, सोसायट्या. यांच्या वेबसाइट तो फुकट बनवून द्यायचा आणि तळाशी ‘बिगर चिरफाड’ची ती एक ओळ ठेवून द्यायचा. यादीत चौथी आमची सोसायटी. सचिव मी. आपण पूर्वी एकदा फोनवर बोललो होतो, हे तेव्हा आम्हा दोघांनाही आठवलं. त्यानं विचारलं होतं, खाली उपयोगी दवाखान्याची ओळ टाकू का? मी म्हणालो होतो, टाका की, लोकांच्या कामाला येईल. ती ओळ बरोबर माझ्या नावाखाली होती.

स्टेशन डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना कळवलं. ते म्हणाले, तुमचीही फसवणूकच झाली, सोडा. दोषारोपपत्र दाखल झालं. डॉक्टर जामिनावर सुटला. शब्द निवडणारा साक्षीदार झाला, कारण शब्द निवडण्याला कलम लागत नव्हतं. दोषारोपपत्रात माझं नाव कुठंच आलं नाही. गुन्हा म्हणजे हाताचा ठसा, असं मी जन्मभर मानलं. इथं कोणी कशाला हातच लावला नव्हता. सगळ्यांनी फक्त बोट दाखवलं होतं, आणि त्यातलं एक माझं होतं.

त्या सासूला भेटायला पैठण रस्त्यानं दोनदा निघालो. दोन्ही वेळा चितेगावच्या अलीकडूनच गाडी वळवली. सून वेडी नव्हती, एवढंच सांगून सुटता येणार नव्हतं. पुढचंही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्यांदा परत आलो, तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. तिनं मेथी निवडणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, “त्या डॉक्टरला निदान जामीन मागावा तरी लागला.”