हन्नाने घर विकलं नाही

आमच्या स्वयंपाकघरात एक अख्खा खण नुसता प्लास्टिकच्या डब्यांचा आहे. दह्याचे, आइस्क्रीमचे, कुणाकडून भाजी भरून आलेले आणि परत द्यायचे राहून गेलेले. किस्से असेच साठतात. मूळचा आपला कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, हे चाळीस वर्षांनी सांगता येत नाही. झाकणं तर कधीच जुळत नाहीत! तेव्हा पुढे काही इकडचं तिकडे झालं असेल तर सांभाळून घ्या. मी हे लिहू का नको, लिहू का नको करत होतो, तर आमची नलिनी म्हणाली, "लिहा हो. तुम्हाला खात्री कधी कशाची होती?"

ऐंशीच्या दशकातलं शिकागो. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर कुसुमताई राहायच्या. त्यांचे यजमान माधवराव माझे मित्र. ते गेल्यानंतर ताई एकट्याच होत्या. डेव्हनवरच्या साड्यांच्या दुकानांसाठी फॉल-पिको करायच्या, ब्लाउज शिवायच्या. मला 'भावजी' म्हणायच्या.

त्यांच्या टीव्हीवर, ॲंटेनाला कपड्यांचा हॅंगर अडकवला की, एक चॅनेल लागायचं. त्यावर रविवारी बारा वाजता अर्धा तास हिंदी गाणी! त्यासाठी आम्ही पाच-सहा मराठी घरं तिथे जमायचो. नंतर पार्किंग मिळत नाही म्हणून सगळे साडेअकरालाच हजर. आणि साडेअकराला त्याच चॅनेलवर एक जर्मन कौटुंबिक मालिका लागायची. खाली इंग्रजी अक्षरं वगैरे काही नाही. बेकरीच्या वर राहणारी हन्ना नावाची विधवा, तिची तीन मुलं, त्यांची लग्नं, भांडणं, बदल्या. एवढं बघूनच कळायचं. बाकी अंधार.

एका रविवारी नागपूरचे डॉ. वानखेडे म्हणाले, "जोगळेकरसाहेब, तुमच्या पीएच.डी.ला जर्मन होतं ना?"

होतं. म्हणजे रसायनशास्त्राच्या जर्नलमधलं एक पान डिक्शनरी घेऊन भाषांतरित करायची परीक्षा होती. मी ती दुसऱ्या खेपेला पास झालो होतो. मी म्हटलं, "थोडंसं येतं."

मराठी माणूस 'थोडंसं येतं' म्हणाला की लोक त्याला विनय समजतात. मला टीव्हीशेजारची खुर्ची देण्यात आली!

*

पहिल्याच दिवशी हन्नाचा मोठा मुलगा डोक्याला हात लावून काहीतरी म्हणाला. मला एकच शब्द कळला, 'ल्योझुंग'. माझ्या परीक्षेच्या पानावर तो सात वेळा आला होता. मी आत्मविश्वासाने सांगितलं, "तो म्हणतोय, द्रावण सापडत नाही."

वानखेडे म्हणाले, "मिठाचं की साखरेचं?"

त्याला 'यावर तोडगा नाही' म्हणायचं होतं, हे मला परतीच्या वाटेवर सुचलं. पुढच्या आठवड्यात धाकट्या मुलाच्या आणि एका शिक्षिकेच्या प्रेमप्रकरणात 'फेरबिंडुंग' हा शब्द आला. संबंध, नातं, असं काहीतरी. पण तोंडातून निघायचं ते निघालंच. "या दोघांचं संयुग झालंय," मी म्हणालो.

कुसुमताईंनी हातातलं ब्लाउज खाली ठेवलं. "लग्नाआधीच?"

*

आजोबा गेले तो रविवार मी विसरणार नाही. पडद्यावर आजोबा पलंगावर डोळे मिटून पडले होते आणि नर्स हळूच म्हणाली, 'एंटश्लाफेन'. 'श्लाफेन' म्हणजे झोपणं, एवढं मला पक्कं ठाऊक. मी सांगितलं, "आजोबांना झोप लागली."

वानखेडे भूल देणारे डॉक्टर. ते पुढे वाकून पडद्याकडे बघत म्हणाले, "जोगळेकरसाहेब, मी रोज माणसं झोपवतो. ही ती झोप नाही!"

सगळे खो खो हसायला लागले. एवढ्यात दारावर थाप पडली. दारात घरमालकीण हेल्गाबाई. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, मूळच्या जर्मनीच्या. डोळे लाल, हातात रुमाल. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "व्हाय यू लाफ? ओपा इज डेड!"

ओपा म्हणजे आजोबा; खाली त्याही हीच मालिका बघत होत्या. कुसुमताई उठल्या, हेल्गाबाईंचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि गरम चहा दिला. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

मी मात्र त्या आठवड्यात लायब्ररीतून जाडजूड जर्मन डिक्शनरी आणली आणि खुर्ची सोडतो असं सगळ्यांना सांगितलं. वानखेडे म्हणाले, "अरे बाप्पा, तुम्ही सोडली तर आम्ही हसायचं कशाला?" हे ते प्रेमाने म्हणाले, असं मी धरून चाललो. आज वाटतं, खरंच प्रेमाने म्हणाले.

*

एक गोष्ट मात्र मला बरोबर कळली, आणि ती इंग्रजीत सांगताच आली नसती. शेजारचा सुतार हन्नाकडे यायचा. दोघं एकमेकांना 'झी' म्हणायचे. एके रविवारी, तो तिची खुर्ची दुरुस्त करत असताना, ती एकदम 'डू' म्हणाली. मी उभाच राहिलो!

"अहो, ती त्याला अरे म्हणाली! इतके दिवस अहो होतं, आज अरे!"

खोलीतल्या सगळ्या बायकांनी श्वास रोखला. चुंबनाच्या सीनला एवढी शांतता झाली नव्हती. वानखेड्यांची चौदा वर्षांची प्रज्ञा तेवढी इकडेतिकडे बघत होती. "सो व्हॉट, काका? शी जस्ट सेड 'यू'!"

परत जाताना मी ड्राइव्ह करत होतो. नलिनी शेजारी बसली होती. एका चौकात ती अचानक ओरडली, "अरे, रेड आहे!"

मी करकचून ब्रेक दाबला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. ते 'अरे' मालिकेमुळे होतं का सिग्नलमुळे, हे मी अजून विचारलेलं नाही.

*

"ही बाई सारखं डोकं डोकं काय म्हणते हो?" कुसुमताईंनी एकदा विचारलं.

तो शब्द 'डॉख'. मी डिक्शनरीत बघितलं, दोन जर्मन प्राध्यापकांना गाठून विचारलं. समोरचा 'नाही' म्हणाला आणि आपल्याला 'नाही कसं? आहे!' असं ठणकावायचं असलं, की तेवढा एक शब्द पुरतो. हे मी ताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी शिवणाचं मशीन थांबवलं.

"आपल्याकडे बायकांना एवढं म्हणायला आख्खं वाक्य लागतं. आणि ते कुणी पुरं करू देत नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या घरात कुणाची सुटका नव्हती.

"अजून एक पोळी, भावजी?"

"नको, खरंच पोट भरलं."

"डॉख!"

आणि पोळी पानात.

*

मध्येच चॅनेलने हिंदी गाण्यांचा कार्यक्रम कॅन्सल केला. आमच्या ते लक्षात आलं तीन आठवड्यांनी! बारा वाजल्यावर आम्ही टीव्ही बंद करून हन्नाच्या सुनेवर चर्चा करत बसायचो.

*

मग ताईंच्या मुलाला, सुहासला, दूर पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मुलगा गुणी, आईवर जीव. त्याचं एकच म्हणणं, आईने शिकागोचं घर सोडावं आणि त्याच्याकडे कायमचं यावं. दर शनिवारी फोन. तिकडे मालिकेतही तेच सुरू झालं! हन्नाची मुलं म्हणू लागली, घर विक आणि शहरात थोरल्याकडे चल.

ताई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "बघू या, हन्ना काय करते ते."

त्या गमतीने म्हणाल्या असतील. पण मी त्या रात्री डिक्शनरी उघडून बसलो. एका बाईचं उरलेलं आयुष्य माझ्या जर्मनवर!

पुढच्या रविवारी हन्ना अंगणात उभी राहून दोन मिनिटं बोलली. मला कळलं ते एवढं: घर, मुलं, विकणं, नाही. जर्मनमध्ये 'नाही' नेमकं कशाला चिकटतं हे शेवटपर्यंत थांबल्याशिवाय कळत नाही, आणि शेवटी बेकरीवाल्याचा कुत्रा भुंकला. सगळे माझ्याकडे बघत होते. ताई बघत नव्हत्या, त्या दोऱ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "ती म्हणतेय, मी घर विकणार नाही."

टाळ्या पडल्या!

त्यानंतरच्या रविवारी हन्नाच्या घरात खोकी भरलेली दिसली. मी म्हटलं, "साफसफाई काढलीय." पुढच्या रविवारी भिंती रिकाम्या. "रंगकाम." मग दारात ट्रक आला. "जुनं सामान मुलाकडे पाठवतेय." शेवटच्या भागात हन्ना स्वतःच सुटकेस घेऊन रेल्वेत बसली, सुतार प्लॅटफॉर्मवर हात हलवत राहिला, आणि संगीत वाजायला लागलं.

"चार दिवस मुलाकडे जाऊन येतेय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आणि मालिका संपली. वानखेड्यांनी उठून टीव्ही बंद केला.

*

मंगळवारी दुपारी मी डिक्शनरी पिशवीत घालून बसने डेव्हनला गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ केली होती. वर गेलो तर कुसुमताई आणि हेल्गाबाई टेबलाशी कॉफी पीत बसलेल्या.

मी उभ्यानेच सुरुवात केली. "ताई, एक सांगायचंय. हन्नाने बहुतेक..."

"घर विकलं," ताई म्हणाल्या. "बसा ना."

मी बसलो.

"हेल्गा मला दर सोमवारी सगळं सांगते. आजोबा गेले तेव्हापासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं जीव तोडून सांगायचात, भावजी. आणि खरं सांगू? हिची हन्ना फार रडते. मला तुमची हन्ना बरी वाटली."

एवढ्यात हेल्गाबाईंनी माझ्याकडे वळून जर्मनमध्ये भरभर काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या घटकेला कुणाला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मी मान हलवून जर्मनमध्ये 'हो' म्हणालो, "या."

ताई म्हणाल्या, "साखर किती चमचे, असं विचारतेय ती."

*

पुढच्या रविवारी सुहास रेडमंडहून आला. दोन तिकिटं घेऊनच. आम्ही सगळे नेहमीसारखे जमलेले, चॅनेलवर कसलातरी बागकामाचा कार्यक्रम चाललेला. सुहासने आमच्या सगळ्यांसमोरच विषय काढला. आमच्यासमोर आई नाही म्हणायची नाही, असं त्याला वाटलं असावं.

"आई, बी रीझनेबल. तिथे तुझी रूम रेडी आहे. इथे विंटरमध्ये तू पडलीस तर? तुला ड्राइव्ह करता येत नाही. लीज वाचता येत नाही."

ताई खाली बसून एका ब्लाउजला टाचण्या लावत होत्या. चार टाचण्या ओठांत.

सुहासचा आवाज चढला, मग कापला. "बाबा गेले. आता इथे तुझं कोणी नाही, आई!"

नलिनीच्या हातात पोह्यांची बशी तशीच. हेल्गाबाई केक घेऊन वर आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

ताईंनी ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या. उशीत टोचल्या.

"डॉख," त्या म्हणाल्या.

"डोकं? डोकं दुखतंय का?" सुहासने गोंधळून विचारलं. मग तो माझ्याकडे वळला. "काका, व्हॉट डिड शी से?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डिक्शनरी घरी होती.

"'आहेत' म्हणतायत," मी म्हणालो.

दारातून हेल्गाबाई म्हणाल्या, "या, या."

सुहासने सावकाश सगळ्या खोलीभर नजर फिरवली. वानखेड्यांवर, प्रज्ञावर, नलिनीवर, केकवर. मग तिकिटं टीव्हीवर ठेवली आणि आईशेजारी जमिनीवर बसला.

"मग चार दिवस तरी चल."

"चार दिवस येते की! का नाही येणार?" ताईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "पण रविवारी साडेअकराच्या आत परत आणून सोड. नवीन मालिका सुरू होतेय, आणि भावजींना एकट्यांना काही कळत नाही."