उशाकडची फळी

जालना जिल्ह्यात आमचे दाजी ज्या ज्या घरी गेले, त्या प्रत्येक घराचं दार त्यांनी दोनदा वाजवलं. एकदा आत येण्यासाठी, आणि एकदा दार कशाच्या लाकडाचं आहे ते ऐकण्यासाठी. दुसऱ्या वेळी ते डोळे मिटून कान दाराला लावत आणि दार उघडायला आलेल्या माणसाला हाताने 'थांबा' अशी खूण करत. सागवान निघालं तर नुसतं 'हं' म्हणत. बाभूळ निघाली तर काहीच म्हणत नसत. आणि शिसव निघाली, तर चपला काढायच्या विसरून थेट आत जात आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. वडीगोद्रीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर जुन्या जालन्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, बिऱ्हाड केलं. पण या माणसाचा खरा संसार होता गिटारींशी. शाळेच्या एका स्नेहसंमेलनाला बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातला गिटारवाला स्टेजवरून घसरला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण गिटारची पाठ फुटली आणि तो ती तिथेच टाकून गेला. चिकटवून शाळेत ठेवू, म्हणून दाजींनी ती घरी आणली, फुटक्या पाठीवर सहज बोटाने टकटक केली, आणि अक्काच्या शब्दांत सांगायचं तर, "तवाच माझं घर गेलं." पाठ शिसवीची होती. "अगं, हे लाकूड न्हाई, घंटा आहे," असं दाजी त्या रात्री जेवतानाही म्हणत होते आणि ताट वाजवून फरक समजावून सांगत होते.

तेव्हापासून दाजी गिटारी करू लागले. पहिल्या काही गिटारी पाहून लोक त्यांना सुपं समजले. पुढे हात बसला. एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या पांढऱ्या पाइनच्या फळ्या ते गिटारच्या तोंडाला, म्हणजे तारांखालच्या बाजूला, वापरत, मान सागवानाची करत, पाठीला आंब्यापासून सागापर्यंत मिळेल ते लावत. अक्काचं स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा कारखाना. गिटारची कूस वाकवायला ओली फळी तापलेल्या लोखंडी नळीवर दाबून धरावी लागते, आणि ती नळी तापायची अक्काच्या गॅसवर. "वरणाला जागा न्हाई अन् ह्यांच्या नळीला फोडणी चालू," असं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. गंमत अशी की दाजींना गिटार वाजवता येत नव्हती. तार जुळवून ते सगळ्या तारांवरून एकदाच अंगठा फिरवत आणि आवाज पार विरेपर्यंत मान वाकडी करून बसत. कुणी म्हटलं, एखादं गाणं वाजवा की गुरुजी, तर म्हणत, "वाजवणारे लई आहेत. ऐकणारा एक तरी पाहिजे का न्हाई?"

त्या फुटक्या पाठीसारखी पाठ त्यांना एकदा स्वतःच्या हाताने करायची होती. अडचण लाकडाची. शिसवीचं झाड, अगदी आपल्या शेतातलं असलं तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि दाजींना हा नियम मनापासून पटलेला होता. "आजोबानं लावावं अन् नातवानं सावलीला बसावं, एवढं सावकाश वाढतं ते," ते म्हणत. "अन् आपण त्याचं टीव्हीचं स्टँड करून राह्यलो." म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक कायदा केला. ज्या झाडाला तुटून जमाना झाला, ज्याचं आधीच काही तरी झालेलं आहे, तेच लाकूड घ्यायचं. आणि तेही भंगारवाल्याकडून नाही, ज्याच्या घरातलं आहे त्याच्या हातून, मागून. आणलेलं लाकूड लगेच कापायचं नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा आपल्या घरातल्या भिंतीला टेकून उभं ठेवायचं. "त्याला आधी आपल्या घरातली भांडणं ओळखीची होऊ दे." या कायद्याने त्यांना पाळण्याचे खूर मिळाले, तुटके पाट मिळाले, एका वकिलाच्या खुर्चीचा हात मिळाला. पण पाठीला रुंद, सलग, सरळ रेषांची फळी लागते. तशी फळी काही मिळेना.

मग शोध चालू झाला, आणि तो कुठे चालू ठेवू नये याचं भान त्यांना नव्हतं. एका घरी आम्ही दुःखात भेटायला गेलो होतो. दाजी मेलेल्या माणसाच्या आरामखुर्चीशी बसले, कपाळ खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि बराच वेळ उठेनात. घरातल्या बायकांना भरून आलं. एकीने त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन बाहेर आल्यावर ते माझ्या कानात म्हणाले, "सागवान आहे. उगी वेळ गेला." भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर चहा येईपर्यंत यांनी चौकट, कपाट, देवघर असं सगळं वाजवून काढलं. मुलीचे वडील घाबरून म्हणाले, "पाव्हणं, वाळवी बिलकुल न्हाई हो आमच्याकडं." टेंभुर्णीच्या एका म्हाताऱ्याकडे काळीभोर पेटी होती. तिच्या झाकणासाठी दाजी त्याच्याकडे वर्षभर जात होते. त्याची भावकीतली भांडणं ऐकली, त्याचा चष्मा दुरुस्त करून आणला. शेवटी म्हाताऱ्याने झाकण दिलं. घरी आणून रंधा फिरवला, तर काळ्या पॉलिशखाली बाभूळ. पेटीच्या आत कपडे भरलेले असल्याने आवाज फसवा आला होता. दाजींनी त्या झाकणाचा पोळपाट केला. मात्र टेंभुर्णीला जाणं त्यांनी सोडलं नाही. म्हाताऱ्याला सवय झाली होती.

आणि या सगळ्या काळात, त्यांना हवी होती तशी फळी आमच्याच घरात होती. माझ्या आईच्या पलंगाची उशाकडची फळी. अखंड शिसव, जांभळट काळी, आणि रेषा वहीतल्या ओळींसारख्या सरळ. मधोमध एक गोल डाग. आई इतकी वर्षं तेल लावलेलं डोकं तिथे टेकून बसे, त्याचा. दाजी दर रविवारी येत, पलंगाशी स्टूल ओढत, फळीवर बोटाच्या सांध्याने दोनदा वाजवत आणि विचारत, "बरंय ना?"

"बरंय," आई म्हणे. "गुडघा तेवढा धरून राह्यलाय."

"न्हाई मामी, मी फळीला विचारलं."

"फळीला काय धाड भरली? मी टेकून बसलेय की तिला."

"मामी, तुम्हाला नवाकोरा पलंग आणून देतो. लोखंडी. गादीसगट."

"मला लोखंडावर निजवता व्हय गुरुजी? दवाखान्यात आल्यावानी वाटंल. मी गेल्यावर न्या. तवर हात लावायचा न्हाई."

"असं कसं बोलता मामी! तुम्ही शंभर वर्षं जगा."

"बघा, बघा, बोलताना तोंड कसं कडू झालं," आई म्हणे, आणि दोघंही हसत.

अक्का चिडवायची, की आमच्या आईच्या आयुष्यावर खरा डोळा जावयाचा. पण आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारे दाजीच, गोळ्या संपायच्या आत आणून ठेवणारेही दाजीच. तपासून डॉक्टर म्हणत, "आजीबाई ठणठणीत आहेत," तेव्हा दाजींचा चेहरा पाहण्यासारखा होई. आनंद अगदी खरा असे. फक्त त्याच्या मागून एक बारीक उसासाही येई.

मग एकदा त्यांच्याकडे एक माणूस आला. कोण, कुठला, कळलं नाही. पिकअप गाडी, तिच्यावर ताडपत्री. मी तिथेच होतो. "जल्दी बघा गुरुजी. बराबर तुमच्या मापाचं आणलंय." दाजींनी ताडपत्री उचलली. शिसवीच्या रुंद फळ्या होत्या, हव्या तेवढ्या. त्यांनी एकीवर टकटक केली. नंतर चिरलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिले.

"ओलं आहे हे."

"मंग वाळवा की. पुढच्या साली कापा."

"न्हाई. हे परवापर्यंत उभं होतं."

त्यांनी स्वतःच ताडपत्री पुन्हा ओढली आणि दोरीची गाठ मारायला घेतली. गाठ बसेना. दोरी त्यांच्या बोटांतून सारखी सुटत होती. शेवटी मी पुढे होऊन गाठ मारली. गाडी गेल्यावर दाजी ओट्यावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, हातांचं हे वाढत जाणार. वर्ष-दीड वर्ष करवत धरता येईल. मंग न्हाई." मी काही बोलायच्या आत त्यांनी बजावलं, "मामींना सांगू नका. त्यांना उगी मरायची घाई होईल."

मी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. पुढच्या रविवारी दाजींनी चहा घेतला आणि कप बशीवर किणकिणत राहिला. आईने बोलणं मध्येच थांबवून त्या आवाजाकडे पाहिलं. दाजींनी घाईने कप खाली ठेवला. त्या दिवशी आईने गुडघ्याची तक्रार केली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी दाजी आले, स्टूल ओढलं, सवयीने हात उचलला आणि तो हवेतच राहिला. पलंगाला उशाकडे काही नव्हतं. आई भिंतीला उशी लावून बसली होती. गल्लीतल्या सुताराला बोलावून तिने फळी काढून घेतली होती. आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ती दाराशी उभी केली होती.

"मामी, हे काय?"

"मी मरायची वाट बघता बघता तुमचे हात जातील," आई म्हणाली. "अन् माझा काय भरवसा? मी लई जगंल." मग तिनेच पुढे दटावलं, "पण तो तेलाचा डाग काढा आधी. चार लोकांत लाज वाटती."

"काढतो," दाजी म्हणाले, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून जरा जास्तच वेळ राहिले. या वेळी शिसवीसाठी नाही, असं मला वाटलं.

वर्षभर भिंतीला टेकवून ठेवायचा कायदा त्यांनी मोडला. "ही काय परक्या घरची आहे?" म्हणाले. फळी जाडीतून चिरून तिची दोन पानं करायची, पुस्तकासारखी उघडून शेजारी शेजारी चिकटवायची, आणि मग पापडासारखी पातळ होईपर्यंत रंधायची. हात चांगले असत ते सकाळी, म्हणून ते फक्त सकाळी काम करत. वाईट दिवशी नुसते फळीजवळ बसत. अक्काने गॅसबद्दल एकदाही तक्रार केली नाही. घरभर गुलाबासारखा वास पसरला होता. वरणालासुद्धा येत होता, असं ती नंतर सांगायची.

गिटार घेऊन दाजी आईकडे आले. आईने ती उलटी करून पाठीवरून हात फिरवला, डाग शोधला, सापडला नाही, तशी ती समाधान पावली. दाजींनी तारांवरून अंगठा फिरवला. आवाज खोलीत बराच वेळ राहिला.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं, मामी."

"एवढ्यासाठी माझा पलंग?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "परत वाजवा."

आई त्यानंतर दोन हिवाळे होती. भिंतीला टेकून बसायची, आणि दर रविवारी 'परत वाजवा' म्हणायची. ती गेली त्या महिन्यात दाजींनी गिटार माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "आत बघा." मी गोल भोकातून बॅटरी मारून पाहिलं. पाठीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, तो तेलाचा डाग जसाच्या तसा होता. दाजींनी डागाची बाजू आत घेतली होती आणि सगळा रंधा दुसऱ्या बाजूने मारला होता.

"तेलानं आवाज जरा बसतो तिथं," ते म्हणाले. "बराबर न्हाई हे, कोणी जाणकार शिव्या देईल. पण कसा काढायचा?" मग हसून म्हणाले, "पूर्ण आवाज मामींनी मला आयुष्यात कधी काढू दिला व्हता का?"

आता दाजीही नाहीत. त्यांचं सगळं आवरून झाल्यावर अक्का गिटार घेऊन आली. "आईचा पलंग तुझ्याकडंच असू दे," म्हणाली. पलंग होता त्या भिंतीवर मी ती टांगली आहे. मला वाजवता येत नाही. पुस्तकांपलीकडे मी कशाला हात लावला नाही. पण रविवारी स्टूल ओढून तिच्यापाशी बसतो. भोकाशी नाक नेलं की शिसवीचा वास येतो आणि त्याच्या तळाशी खोबरेल तेलाचा. मग ती भिंतीवरच जरा फिरवून बोटाच्या सांध्याने पाठीवर दोनदा वाजवतो आणि विचारतो, "बरंय ना?" तारा आतल्या आत गुणगुणतात, हळूहळू विरतात. मी पार विरेपर्यंत मान वाकडी करून ऐकतो. गुडघ्याचं मात्र आता कुणी काही सांगत नाही.